पणतीवाली आत्या

वहिनीचा फोन आला तेव्हा रसिका उरकुडे बाल्कनीत संत्र्याच्या साली वाळत घालत होती. फोनवरचं नाव पाहून तिच्या हातातलं ताट निसटलं आणि साली खाली लावलेल्या कुणाच्या तरी स्कूटरवर जाऊन पडल्या. चार वर्षांत त्या घरातून फोन आलेला नव्हता.

"रसिकाताई, मी मुग्धा बोलून राहिली. रविवारी बारसं आहे. तुम्हाला यायचं आहे."

"दादाला माहीत आहे?"

"नाही म्हणाले नाहीत. आपल्या घरी आत्याशिवाय नाव ठेवत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे न."

दादा म्हणजे शैलेश उरकुडे, पिंपळबोडीचा आमदार. लग्नाला कैक वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली, ही बातमी त्याच्या सख्ख्या बहिणीला इतर मतदारांसारखीच मोबाइलवर वाचायला मिळाली होती. येते म्हणाली, फोन ठेवला आणि रसिका खाली मान घालून साली गोळा करायला गेली. स्कूटरवाला रागावला तरी ती हसतच होती. मग तिचा हात सवयीनं छातीवरच्या पणतीकडे गेला आणि हसू मावळलं.

पणती म्हणजे काय हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ती जळते कशी हे विचारलं तर भलेभले चाचपडतात, म्हणून सांगून टाकलेलं बरं. परदेशी कंपन्यांसाठी, सरकारांसाठी इथल्या मंत्र्या-आमदारांची मनं वळवणारे लोक पूर्वीही होते. वर्षातून एकदा नाव, गाव आणि मानधन कळवलं की ते मोकळे. पण लग्नाच्या पंगतीत, विमानात शेजारच्या खुर्चीवर आमदाराच्या कानाशी जे बोललं जायचं, ते त्या माणसाचं की त्याला पोसणाऱ्याचं, हे ओळखायला मार्ग नव्हता. खोटं पकडणारी यंत्रं इथं कुचकामी ठरली, कारण मन वळवणारा सहसा खोटं बोलतच नाही. पुरेसा काळ बोलत राहिला तर आपल्या बोलण्यावर त्याचाही विश्वास बसतो. कायद्याला खरं-खोटं नकोच होतं. हे बोलणं कुणाच्या वतीनं चाललंय, एवढंच हवं होतं.

उत्तर भाषेच्या गणितातून आलं. कुठल्याही वाक्याच्या अर्थाला काही हजार आकड्यांचा एक पत्ता देता येतो. शब्द निराळे असले तरी अर्थ जवळचा असला की पत्ते शेजारी येतात. 'राखेचे डोंगर हटले की गाव मोकळा श्वास घेईल' आणि 'ते ढीग गेले की पोरांचा खोकला जाईल' ही दोन वाक्यं त्या नकाशात एकाच गल्लीत राहतात. परकीय हितसंबंध प्रकटन कायद्यानं परदेशी अशिलांवर सक्ती केली की मन वळवण्यासाठी जे जे साहित्य तयार केलं असेल ते निबंधकाकडे जमा करा, म्हणजे तेही लोकांना वाचता येईल. त्या साहित्यातल्या अर्थांचे पत्ते पणतीत, म्हणजे मन वळवणाऱ्या प्रतिनिधीनं सतत छातीवर लावायच्या बिल्ल्यात, भरले जातात. लोकसेवकाच्या ओळखपत्रातली चिप जवळ आली की पणती जागी होते, प्रतिनिधीचं बोलणं ऐकते, आणि बोलणं अशिलाच्या गल्लीत शिरलं की पेटते. रंग नारंगी. भांडं बदललं तरी फोडणीच्या वासावरून स्वयंपाकघर ओळखावं, तसंच हे. पेटल्याची नोंद लगेच सरकारी संकेतस्थळावर येते आणि साऱ्या जगाला दिसते. त्यात समितीचं मतदान तोंडावर असेल आणि एखाद्या सदस्यासमोर पणती पेटली, तर त्या सदस्याला मत देता येत नाही. का पेटली हे कुणी विचारत नाही.

कायदा चांगलाच होता. ज्या माणसांचं पोट झाकल्या मुठीवर चालायचं, त्यांची मूठ त्यानं उघडली. रसिकानं स्वतः कायद्याच्या बाजूनं लेख लिहिला होता. पुढं त्याच कायद्यानं तिच्या घराचं दार बंद केलं, तरी तो लेख तिनं मागे घेतला नाही.

ती स्कारवेन नावाच्या परदेशी कंपनीची प्रतिनिधी होती. पिंपळबोडीजवळच्या बंद पडलेल्या वीज केंद्रामागे राखेचे डोंगर आहेत, आणि कोळशाच्या राखेत बॅटऱ्या-मोटारींना लागणारे दुर्मीळ धातू असतात. कंपनीला ती राख हवी होती. शैलेशचं म्हणणं असं की धातू ते नेतील आणि आम्लात धुतलेला गाळ आमच्या नदीला ठेवतील. दोघंही त्याच वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेले. त्यांचे बाबा राखेच्या तळ्यावर बुलडोझर चालवायचे आणि छातीत राख भरूनच गेले. एकाच राखेकडे बघून भावाला वाटलं, हिला कुणी हात लावायचा नाही. बहिणीला वाटलं, ही एकदाची जाऊ दे. एवढ्यावरून भावंडं तुटत नसतात. ते दोघंही तुटले नसते.

तुटले ते दुसऱ्याच कारणानं. नोकरीला लागली तेव्हा कंपनीच्या विश्लेषक बाईनं काही दुपारी पडद्यावरून तिच्याशी गप्पा मारल्या. राखेचा निर्णय ज्या समितीकडे होता तिच्यातल्या प्रत्येक सदस्याचं, म्हणजे दादाचंही, 'श्रोता-चित्र' बनवायचं होतं, म्हणजे कुणाला कशानं पाझर फुटतो याचा नकाशा. बाई गोड होती. तुमचा भाऊ लहानपणी कसा होता, असं तिनं विचारलं, आणि रसिका बोलत सुटली. दादानं सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत कसं नेलं, आईच्या हातच्या अंबाडीच्या भाजीवरून कसे भांडलो, बाबा गेले त्या दिवशी काय झालं, सगळं. नागपुरात एकटी राहणाऱ्या बाईला दादाबद्दल इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण तिला ते माया वाटलं. पुढच्या वर्षी कायदा आला. कंपनीनं इमानेइतबारे ते श्रोता-चित्र धरून सगळं साहित्य जमा केलं आणि पेपरांनी मथळा दिला: 'बहिणीच्या आठवणी, कंपनीची हत्यारं.' त्या दिवशी दादानं फोन करून एकच वाक्य सांगितलं, "यापुढे मले फोन करू नको."

आता तिनं नोकरी सोडली होती. तत्त्वासाठी सोडली असं ती कुणाला सांगत नसे, कारण ते खरं नव्हतं. राख जावी असं तिला अजूनही अर्धंमुर्धं वाटत होतं. नोकरी सोडली ती दादासाठी. पण राजीनाम्यानंतरही दोन वर्षं पणती उतरवता येत नाही, असं कायदा सांगतो. त्यातलं एक वर्ष अजून पुरतं बाकी होतं.

शेजारी सायरे बाई राहायच्या. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका, म्हणजे लोकसेवक. त्यांच्यासमोर पणती जागी व्हायची, पण पेटली तरी समितीतलं कुणाचं मत जात नसे. रसिका शनिवारी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "बाई, थोडा वेळ तुम्ही माझा भाऊ व्हा."

सायरे बाईंनी वह्या बाजूला सारल्या आणि मांडी ठोकून बसल्या. "बोल. पण मी पैसे देणार नाही हं, भाऊबीज होऊन गेली."

"दादा, बारीक झालास."

पणती पेटली. श्रोता-चित्रात 'प्रकृतीची काळजी दाखवावी' अशी सूचना होती.

"बाबा असते तर आज किती खूश झाले असते."

लख्ख पेटली.

"वहिनी, अंबाडीची भाजी केली का?"

"मायबाई!" सायरे बाई म्हणाल्या. "भाजीलाही पेटते?"

"मीच सांगितलं होतं न त्यांना."

मग तिनं सायकल काढली, शाळा काढली, कॉलनीतलं चिंचेचं झाड काढलं. एकेक आठवण बाहेर यायची आणि नारंगी होऊन परत जायची. विझलेली राहिली ती वाक्यं अशी: आज ऊन कडक आहे. गाडीला गर्दी होती. घुगऱ्यांत मीठ बरोबर आहे.

"मग हवामान खात्यासारखं बोल न तू," सायरे बाई म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी चेष्टा आवरली. "नाहीच जमलं तर नको जाऊस, बाई. मंगळवारी राखेच्या ठरावावर मतदान आहे म्हणतात. एका मतावर अडलंय सगळं. तिथं पेटली तर तुझ्या भावाचं मत जाईल अन् लोक त्याच्या तोंडात शेण घालतील."

"एकदा घर बघून येते," रसिका म्हणाली. "गप्प राहीन."

पिंपळबोडीच्या घरासमोर मांडव होता, कार्यकर्ते होते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. ती फाटकातून आत आली तशा गप्पा थांबल्या. बाया तिच्या तोंडाआधी तिच्या छातीकडे बघत होत्या. पदर वर ओढून घ्यावा असं तिला वाटलं, पण पणती झाकणं हाही गुन्हाच. वहिनी मात्र पुढं आली, तिनं हात धरला आणि सगळ्यांसमोर वाकून पाया पडायला लागली. रसिकानं तिला मधेच उठवलं.

दादा दारात उभा होता. कानाजवळ पांढरा झाला होता. तिला म्हणायचं होतं, बारीक झालास.

"आलीस," तो म्हणाला.

"हो. ऊन कडक आहे."

"हाव. आहे खरं."

जेवताना तिनं पाटोडीची तारीफ केली, मांडवाच्या कापडाची केली, नव्या रस्त्याची केली. पणती काळीच राहिली. कार्यकर्ते सुस्कारे सोडून आपापल्या पानांकडे वळले. दादा जेवला नाही. हात धुऊन तो तिच्यामागे येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "जरा मागे ये."

मागच्या अंगणात भांडी घासायच्या जागेशी कुणी नव्हतं. दादानं नळ उगाच सुरू केला, बंद केला.

"दिवसभर ऊन अन् पाटोडीच बोलणार आहेस काय?"

"तेवढंच उरलं आहे."

"मी वाचलं ते," तो म्हणाला. "तू त्या बाईला जे सांगितलंस ते. पेपरातलं नाही, संकेतस्थळावरचं, पूर्ण. पहिल्यांदा रागानं वाचलं. मग दर दिवाळीला वाचत आलो."

"काहून?"

"तुझा फोन येत नव्हता न."

फोन करू नको असं तूच म्हणालास, हे तिच्या ओठांवर आलं. ते त्यालाही दिसलं असावं, कारण तो नजर चुकवून म्हणाला, "माहीत आहे मले. मीच म्हणालो होतो. म्हणून तर वाचत होतो."

तिनं नुसती मान हलवली. तोंड उघडायची तिला भीती वाटत होती.

"त्यात एक चुकलं आहे. तू सांगितलं की बाबा गेले त्या दिवशी मी दवाखान्यातून रागावून निघून गेलो. मी रागावून नाही गेलो, रसू. त्यांनीच पाठवलं होतं. म्हणाले, तळ्यावर जा, माझं मशीन सुरू कर अन् फोनवर आवाज ऐकव."

"मग?"

"मग काय. चावी मागितली, सुरू केलं, फोन धरला. किती तरी वेळ ऐकत होते. मग म्हणाले, दुसरा गिअर नीट पडत नाही, मिस्त्रीला सांग." दादाला हसू आलं आणि त्याचा आवाज फाटला. "मी मिस्त्रीला शोधत होतो तेव्हा ते गेले."

इतकी वर्षं ती या एका गोष्टीसाठी त्याच्यावर मनातून रुसून होती. हे तिनं त्या परक्या बाईला सांगितलं होतं आणि त्याला कधी विचारलं नव्हतं. तिला त्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं, मला माफ कर म्हणायचं होतं. श्रोता-चित्रात माफीचा अख्खा एक परिच्छेद होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि "अजून सांग" एवढंच म्हणाली.

त्यानं सांगितलं. कॉलनीतल्या कुत्र्याचं, बाबांच्या डब्याचं, तिच्या पहिल्या निकालाच्या दिवशी त्यानं शाळेच्या भिंतीवरून मारलेल्या उडीचं. त्याच्या बोलण्याला पणती लागू नव्हती. ऐकण्याला कुणाचीच मनाई नव्हती. चार वर्षांची तहान होती, आणि ती मिळेल तेवढं पीत राहिली.

"नाव ठरलं आहे," तो शेवटी म्हणाला. "मंजुळा."

मंजुळा हे आईचं माहेरचं नाव. लग्नात ते बदलून सुनंदा केलं, आणि आईला मंजुळा म्हणून हाक मारणारं पुन्हा कुणी राहिलं नाही. घरात पहिली मुलगी होईल तिला हे नाव देऊन आईचं नाव परत आणायचं, असं दोघांनी शाळेत असताना ठरवलं होतं.

"दादा, ते त्यात—"

"हाव, त्यात आहे. तिथंच वाचून तर आठवलं. मी विसरलोच होतो." तो तिच्याकडे सरळ बघत होता. "तू ठेवायचं. पेटली तर पेटू दे."

"मंगळवारी?"

"मत जाईल माझं. एका मतानं ठराव पास होईल. सगळा हिशोब करून बसलो आहे मी." त्यानं पुन्हा नळाकडे हात नेला. "सहा वर्षं त्या राखेसाठी भांडून राहिलो. घरात बहीण नाही. लोकाची नदी वाचवून मी कोणासाठी वाचवली, मले सांग."

आतून वहिनीनं हाक मारली. दादा गेला. रसिका पदरानं तोंड पुसत होती तोच मोबाइलवर निरोप आला. कंपनीतल्या पूर्वीच्या साहेबांचा. 'आज बारसं ना? मनापासून शुभेच्छा. नाव छान खणखणीत ठेवा.'

तिनं तो पुन्हा वाचला आणि मग तिला कळलं. चार वर्षं ती आलिशान हॉटेलांतून आकडेवारी घेऊन फिरली तरी कंपनीला जे मिळवून देता आलं नाही, ते आज एका शब्दानं मिळणार होतं. बाळाच्या कानात सांगितलेल्या. आणि हा शब्द तिनंच त्यांच्या हाती दिला होता. दादा आपलं मत गमवायला तयार होता, हे खरं. पण ते मत बहिणीच्या मायेपोटी गेलं तरी पोचणार होतं साहेबांच्या टेबलावर. राख जावी की राहावी, ते मंगळवारी ठरेल. ते दादानं आपल्या हातानं ठरवावं. माझ्या तोंडून नको, असं तिनं मनाशी म्हटलं आणि तिला फार वाईट वाटलं, कारण आत्या व्हायची हौस काही कमी झालेली नव्हती.

पाळणा फुलांनी मढवला होता. बायांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं. मग सगळ्यांनी तिला वाट करून दिली. मोबाइल वर झाले. पाळण्याच्या पलीकडे दादा हाताची घडी घालून उभा होता, एखाद्या निकालाची वाट बघत असल्यासारखा.

रसिका वाकली. पोर जागी होती. काळेभोर डोळे, आणि कपाळ थेट आईचं. तिला घामाचा, तेलाचा, वेखंडाचा वास येत होता. रसिकानं त्या एवढ्याशा कानाला ओठ लावले. नाव जिभेवर येऊन बसलं होतं. तिनं ते गिळलं.

"कुर्र," ती म्हणाली.

पणती काळी राहिली. काही हजार आकड्यांच्या त्या नकाशात या आवाजाला पत्ताच नव्हता. कुर्रचा अर्थ कुठल्या कंपनीनं लिहून दिलेला नव्हता. खरं म्हणजे तो आत्यांनाही ठाऊक नसतो. रीतीप्रमाणे बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपके घातले आणि पोरी खिदळल्या.

"नाव! नाव सांग आत्या!"

"कुर्र," ती पुन्हा म्हणाली. बारीक झालास दादा, असं ती त्यात म्हणाली. मला माफ कर. बाबांच्या गिअरचं मला कुणी का सांगितलं नाही. मंजुळे, तू चालायला लागशील तेव्हा मी तुला तुझ्या नावानं हाक मारीन, तोवर रागावू नकोस. डोळ्यांतलं पाणी दुपट्यावर पडत होतं आणि ती थांबत नव्हती. "कुर्र. कुर्र."

बाया बावरल्या. हात थांबले. दादानं घडी सोडली. त्याला समजलं होतं. तो पुढं झाला आणि भरल्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "नाव मंजुळा आहे. मंजुळा शैलेश उरकुडे."

"बापानं नाव ठेवलं?" कुणी म्हातारी कुरकुरली. "आत्याचा मान होता न तो."

रसिका सरळ होऊ लागली. मान देऊन झाला होता, मत वाचलं होतं, आता संध्याकाळची गाडी गाठायची होती. तिनं डोळे पुसले आणि पाळण्याच्या दोरीवरचा हात सोडला.

"थांब," दादा म्हणाला. तो पाळण्याला वळसा घालून तिच्या बाजूला आला. "वाक. तुझं झालं नाही अजून."

ती वाकली. तिच्या पाठीत एक सणसणीत धपका बसला, लहानपणी चिंचा लपवल्यावर बसायचा तसा.

"कुर्र," रसिका म्हणाली.

"जोरात."

"कुर्र!"

दुसरा धपका आला नाही. हात मात्र तिच्या पाठीवरून उचलला गेला नाही.